बालकाचे श्रवण आणि नृत्य : वाद्यवृंदाच्या परिचयाचा एक मार्ग

१

लहान मुलांना वाद्यवृंदाचे संगीत कसे ऐकवावे, हा प्रश्न वरवर पाहता संगीतशिक्षकाच्या कक्षेतला आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका वाचकांना येणे साहजिक आहे. परंतु अपरिचित भाषा ऐकणारा मनुष्य आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद प्रथमच ऐकणारे मूल ह्या दोघांची मूळ अडचण एकच असते. दोघांच्याही कानांवर नाद अखंड येत असतो. त्यात कोठे काय संपले आणि कोठे काय सुरू झाले, हे मात्र त्यांना कळत नाही. परकी भाषा नेहमी फार जलद बोलली जाते असे आपणांस वाटते. त्याचे कारण बोलणाऱ्याचा वेग हे नसून आपल्याला शब्दांच्या सीमा सापडत नाहीत, हे असते.

वाद्यवृंदाच्या बाबतीत ही अडचण दुणावते. संभाषणात सामान्यतः एका वेळी एकच व्यक्ती बोलते. दोघे एकदम बोलू लागले तर एकाला थांबावे लागते. वाद्यवृंदात साठ-सत्तर किंवा कधी शंभर वादक एकाच वेळी वाजवीत असतात, आणि त्या सर्वांकडे एकदम लक्ष द्यावे अशी श्रोत्याकडून अपेक्षा असते. आपल्याकडील रागसंगीतात वाढलेल्या कानाला तर ही अपेक्षा विशेषच अवघड जाते, कारण तेथे एक प्रधान स्वररेषा, तिच्या मागे आधारस्वर आणि खाली ठेका अशी व्यवस्था असते, आणि लक्ष कोठे ठेवावे ह्याविषयी संदेह नसतो.

ह्या नादप्रवाहाचे विभाजन करावयास मुलाने शिकावे कसे? नृत्याच्या द्वारे ते शिकता येते, असे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत युरोपातील काही शिक्षकांनी दिले आहे. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचे स्वरूप, त्याला मिळालेला आधार आणि त्याच्या मर्यादा ह्यांचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : नृत्य हे मुलांना श्रवणाकडे ओढून आणणारे आमिष नव्हे. योग्य रीतीने योजल्यास ते स्वतःच श्रवणाचे, म्हणजे नादाच्या विश्लेषणाचे, एक साधन आहे.

२

मुलांना वाद्यवृंदाची ओळख करून देण्याचे दोन मार्ग अधिक परिचित आहेत. पहिला कथेचा. सेर्गेई प्रोकोफिएफ ह्यांनी १९३६ मध्ये मॉस्को येथील बालरंगभूमीसाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही रचना केली. तीत प्रत्येक पात्राला स्वतःचे वाद्य आणि स्वतःची धून आहे : पक्ष्याला फ्ल्यूट, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बसून, लांडग्याला तीन हॉर्न आणि पीटरला तंतुवाद्ये. निवेदक गोष्ट सांगतो आणि वाद्ये पात्रांच्या वतीने बोलतात. दुसरा मार्ग स्पष्टीकरणाचा. बेंजामिन ब्रिटन ह्यांनी १९४५ मध्ये सतराव्या शतकातील इंग्रज रचनाकार हेन्री पर्सेल ह्यांच्या एका धुनेवर आधारित अशी रचना मुलांसाठी केली. तीत आधी सारा वृंद ती धून वाजवितो. मग लाकडी सुषिरवाद्ये, धातूची सुषिरवाद्ये, तंतुवाद्ये आणि आघातवाद्ये हे चार वर्ग व त्यांतील एकेक वाद्य पुढे येते. शेवटी सर्व वाद्ये एका फ्यूगमध्ये पुन्हा एकत्र होतात.

दोन्ही रचना उत्तम आहेत, आणि त्यांनी अनेक पिढ्यांचे कान घडविले आहेत. तथापि अध्यापनाच्या दृष्टीने पाहता दोहोंचा भर नामपरिचयावर आहे, असे म्हणावयास हरकत नाही. हा आवाज कोणाचा, ह्याचे उत्तर मुलाला देता येऊ लागते. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर मुलाच्या हाती शब्दसंग्रह येतो. पण शब्दसंग्रह म्हणजे व्याकरण नव्हे. एखादे स्वरवाक्य कोठे संपते, दोन स्वररेषा एकमेकींशी कशा वागतात, आघात अपेक्षित ठिकाणी पडला की अनपेक्षित ठिकाणी, हे नामज्ञानाने कळत नाही. मातृभाषा शिकणारे मूल ह्याच्या उलट क्रमाने जाते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्याला शब्द कळू लागण्यापूर्वीच भाषेची लय आणि चढउतार ओळखीचे झालेले असतात. सीमा आधी सापडतात, नावे मागाहून येतात.

३

हा क्रम संगीतशिक्षणात पद्धतशीरपणे आणण्याचे श्रेय प्रामुख्याने एमिल जॅक-डालक्रोझ (१८६५–१९५०) ह्यांना दिले पाहिजे. १८९२ मध्ये ते जिनीव्हाच्या संगीतविद्यालयात स्वरमेळशास्त्राचे अध्यापक झाले. तेथे त्यांना एक विचित्र गोष्ट आढळली. विद्यार्थी नियमांना धरून स्वरमेळ अचूक लिहीत, परंतु आपण लिहिलेले कसे ऐकू येईल ह्याची कल्पना त्यांना करता येत नसे. व्याकरण पाठ असावे आणि भाषा मात्र ऐकूच येऊ नये, तसा हा प्रकार होता. डालक्रोझ ह्यांनी विद्यार्थ्यांना बाकांवरून उठविले आणि चालावयास लावले.

त्यांच्या पद्धतीतील काही पाठ पाहण्यासारखे आहेत. शिक्षक पियानो वाजवितो आणि मुले त्याप्रमाणे चालतात. एका मात्रेच्या स्वराला एक पाऊल, अर्ध्या मात्रेच्या स्वरांना धावणे, दीर्घ स्वराला एक पाऊल टाकून त्या स्वराच्या अंतापर्यंत शरीराचा तोल संथपणे पुढे नेणे. पुढे हातांनी तालाचे विभाग दाखवावयाचे आणि पायांनी स्वरांची लांबी. म्हणजे एकाच शरीराने दोन थर सांभाळावयाचे. शिक्षकाने ‘हॉप’ म्हणताच ठरलेला बदल करावयाचा, जसे की थांबणे, उलट दिशेने जाणे किंवा गती दुप्पट करणे. सर्वांत कठीण पाठ असा की, नुकताच ऐकलेला खंड पावलांनी करून दाखवीत असतानाच पुढचा खंड ऐकून ध्यानात ठेवावयाचा. ज्यांनी एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सहभाषांतर केले आहे, त्यांना ह्या पाठातील कष्ट लगेच ओळखू येतील.

१९१० च्या सुमारास ड्रेस्डेनजवळील हेलराऊ ह्या वसाहतीत डालक्रोझ ह्यांच्यासाठी संस्था उभी राहिली. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९१४ मध्ये, रीम्सच्या कॅथीड्रलवरील तोफमाऱ्याचा निषेध करणाऱ्या पत्रकावर त्यांनी सही केली आणि त्यामुळे जर्मनीतील त्यांचे कार्य संपुष्टात आले. १९१५ मध्ये जिनीव्हात त्यांच्या नावाची संस्था निघाली. जर्मनीत ह्या विचाराला पुढे निराळे वळण मिळाले. कार्ल ऑर्फ आणि डोरोथे ग्युंथर ह्यांनी १९२४ मध्ये म्युनिकला शाळा काढली. बोलणे, हालचाल आणि वादन ही मुलाच्या ठायी मुळात वेगळी नसतात, ह्या गृहीतावर ऑर्फ ह्यांची पद्धत उभी आहे. बडबडगीतांतील आणि नावांतील अक्षरांच्या लयीतूनच तीत तालाचा आरंभ होतो. भाषेच्या अभ्यासकाला ही गोष्ट विशेष मोलाची वाटेल.

४

ह्या शिक्षकांचा विश्वास अनुभवावर आधारलेला होता. त्याला प्रयोगाचा आधार बराच उशिरा मिळाला. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर ह्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या संदर्भात महत्त्वाचा आहे. सात महिन्यांच्या अर्भकांना एक ठेका ऐकविण्यात आला. त्यात कोणत्याही ठोक्यावर आघात नव्हता. त्यामुळे तो दोनदोनांच्या गटांत ऐकावा की तीनतीनांच्या, हे नादावरून ठरत नव्हते. ऐकवीत असताना काही अर्भकांना दर दुसऱ्या ठोक्यावर झुलविण्यात आले, काहींना दर तिसऱ्या. नंतर आघातयुक्त असे दोन्ही प्रकार ऐकविले असता, ज्या अर्भकाला ज्या गटाने झुलविले होते त्याच गटाचा ठेका ते अधिक वेळ ऐकत राहिले. डोळे बांधून झुलविले तरी परिणाम तोच झाला. मात्र अर्भकाला न हलविता दुसऱ्या व्यक्तीचे झुलणे केवळ दाखविले, तेव्हा हा परिणाम आढळला नाही.

ह्या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात. एक, नाद तोच असला तरी शरीराच्या हालचालीने त्याची मांडणी बदलते. म्हणजे हालचाल ही श्रवणानंतर येणारी प्रतिक्रिया नसून श्रवण घडविणारे एक कारण आहे. दोन, इतरांचे नृत्य पाहणे हे स्वतः हलण्याची जागा घेऊ शकत नाही. अर्भकांवरील निष्कर्ष आठ-दहा वर्षांच्या मुलांना जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही, हे खरे. तरीही रंगमंचावर चार निवडक मुलांना नाचवून उरलेल्या चारशेंना प्रेक्षक करणाऱ्या शाळांनी त्याचा विचार करावयास हवा.

५

आता तीन रचनांच्या आधारे हे विश्लेषण प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू.

पहिली रचना एडवर्ड ग्रीग ह्यांनी इब्सेनच्या ‘पीअर गिंट’ नाटकाच्या १८७६ मधील प्रयोगासाठी केलेल्या संगीतातील ‘डोंगरराजाच्या दालनात’ ही. एकच लहानशी धून प्रथम खालच्या सप्तकात, चेलो, डबल बास आणि बसून ह्यांवर हळूच येते. मग तीच पुन्हापुन्हा, अधिक उंच, अधिक मोठ्याने आणि अधिक जलद. मुलांना एवढेच सांगावयाचे की, धून नव्याने सुरू झाली की दिशा बदला. पहिल्या वेळी मुले एकमेकांकडे पाहून वळतात. दोन-तीन वेळा ऐकल्यावर ती स्वतः वळू लागतात. वाक्याची सीमा त्यांना सापडली, ह्याचा हा पुरावा होय. प्रत्येक वेळी वळण्याआधी कमी वेळ मिळतो, ह्यावरून गतीची वाढही त्यांच्या ध्यानात येते. त्यासाठी इटालियन संज्ञेची गरज पडत नाही.

दुसरी रचना मॉरिस रॅव्हेल ह्यांची ‘बोलेरो’. इडा रुबिनस्टाइन ह्या नर्तकीच्या मागणीवरून ती १९२८ मध्ये नृत्यासाठीच झाली. तीत एका लहान ढोलावरील सहा मात्रांची आकृती १६९ वेळा येते. त्या आकृतीवर दोन स्वररेषा आळीपाळीने येत राहतात. वाद्ये तेवढी बदलतात. पहिली स्वररेषा प्रथम फ्ल्यूटवर येते आणि लगेच क्लॅरिनेटवर. वर्णविचारात ‘काल’ आणि ‘गाल’ अशा जोड्या आपण घेतो, त्या अशासाठी की त्यांत एक घटक सोडून बाकी सारे स्थिर असते आणि म्हणूनच तो घटक उठून दिसतो. रॅव्हेल ह्यांची रचना म्हणजे नादगुणाच्या अशा जोड्यांची मालिकाच आहे. स्वर तेच, लय तीच, बदलतो तो केवळ वाद्याचा पोत. मुलांचा एक गट ढोलाची आकृती सर्वकाळ पायांत ठेवतो, आणि नव्या वाद्याबरोबर एकेक मूल नव्या हालचालीने आत येते. फ्ल्यूटची हालचाल क्लॅरिनेटला का चालत नाही, ह्यावर मुले आपसांत वाद घालू लागली म्हणजे नादगुणाचे विवेचन सुरू झाले असे समजावे. सबंध रचना पंधरा मिनिटांच्या आसपास चालते. लहान मुलांना पहिला चतुर्थांश पुरे.

तिसरी रचना इगोर स्ट्राव्हिन्स्की ह्यांची ‘वसंतोत्सव’ (१९१३). तिच्या पहिल्या नृत्यखंडाच्या आरंभी तंतुवाद्यांवर एकच कर्कश स्वरमेळ समान अंतराने ३२ वेळा वाजतो. त्यातील काही ठोक्यांवर आठ हॉर्न आघात देतात : दहाव्या, बाराव्या, अठराव्या, एकविसाव्या, पंचविसाव्या आणि तिसाव्या ठोक्यावर. म्हणजे ९, २, ६, ३, ४, ५ आणि ३ असे विषम गट पडतात, आणि त्यांच्या खाली चार-चारांची चौकट मात्र अभंग राहते. वृत्ताची चौकट आणि शब्दांच्या सीमा ह्यांतील ताण ज्यांनी अभ्यासिला आहे, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. चौकट ठरलेली असते. वाक्य तिच्यातून आपल्या मार्गाने जाते. बसलेल्या श्रोत्याला हे आघात केवळ धक्के वाटतात. पण पावलांत चार-चारांची चाल ठेवून हॉर्नच्या आघाताला हात उचलणाऱ्या मुलाला ते कशाच्या विरुद्ध जातात हे कळते. नियम शरीरात असल्याखेरीज अपवाद जाणवत नाही.

६

‘वसंतोत्सवा’चा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. निजिन्स्की ह्यांना ही रचना नृत्यात बसविताना तालाचे काम इतके कठीण वाटले की, त्यांच्या साहाय्यासाठी डालक्रोझ ह्यांची शिष्या मारी रँबेर हिला हेलराऊहून नेण्यात आले. २९ मे १९१३ रोजी पॅरिस येथे झालेल्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षकांचा गोंगाट इतका झाला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, आणि निजिन्स्की रंगमंचाच्या बाजूला उभे राहून त्यांना आकडे ओरडून सांगत राहिले. आकड्यांवर नृत्य पार पडू शकते, हे त्या रात्री सिद्ध झाले. पण ते श्रवणावाचून पार पडले, हेही तितकेच खरे.

नव्वद वर्षांनी, जानेवारी २००३ मध्ये, बर्लिनमध्ये हीच रचना सुमारे २५० मुलामुलींनी नाचली. सायमन रॅटल हे बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक झाल्यावर सुरू झालेल्या शिक्षणविषयक उपक्रमाचा हा भाग होता. नृत्यदिग्दर्शन रॉयस्टन माल्डूम ह्यांचे होते, आणि प्रयोग ट्रेप्टो भागातील एका जुन्या बसआगारात झाला. मुले शहरातील निरनिराळ्या शाळांतली, अनेक देशांतून आलेल्या कुटुंबांतली होती, आणि त्यांतील बहुतेकांचा ह्या संगीताशी पूर्वी संबंध आलेला नव्हता. ह्या उपक्रमावर २००४ मध्ये निघालेला माहितीपट उपलब्ध आहे. त्यात मुलांना मौज वाटली म्हणजे पुरे की त्यांच्याकडून पूर्ण एकाग्रतेची अपेक्षा करावी, ह्यावर शिक्षक आणि माल्डूम ह्यांच्यातील मतभेद स्पष्ट दिसतो. माल्डूम ह्यांचा आग्रह शांततेचा होता : आधी स्थिर उभे राहता आले पाहिजे. हा आग्रह काहींना कठोर वाटेल. आमच्या मते श्रवणाच्या दृष्टीने तो बरोबर आहे. कारण ज्याला थांबता येत नाही, त्याच्या हालचालीला सीमा नसते, आणि सीमा नसलेल्या हालचालीने कशाचेही विश्लेषण होत नाही.

७

ह्या मार्गातील धोके लहान नाहीत. पहिला धोका अभिनयाचा. ‘फुलपाखरासारखे नाचा’ असे सांगितले की मूल फुलपाखराकडे लक्ष देते, व्हायोलिनकडे नव्हे. कथेचा मार्ग सोडून आपण पुन्हा कथेतच शिरतो. दुसरा धोका अनुकरणाचा. शिक्षिकेने समोर उभे राहून प्रत्येक पाऊल दाखविले तर मुले डोळ्यांनी नाचतात. तिसरा धोका आकड्यांचा, आणि तो आपल्या परिचयाचा आहे. प्रस्तुत लेखकाने शाळेत असताना लेझीम वर्षानुवर्षे केली. एक-दोन-तीन-चार ह्या आकड्यांवर हात चालत. हलगी वाजे, पण ती ऐकावी लागत नसे. हलगीवाल्याने एकदा मुद्दाम ठेका बदलला, तेव्हा आमच्या रांगांपैकी एकीलाही ते कळले नाही. शिस्त उत्तम होती, श्रवण नव्हते.

ह्याउलट मैफलीतील जाणता श्रोता पाहावा. तबल्याकडे तो टक लावून पाहत नाही, आकडेही मोजीत नाही; तरी समेवर त्याची मान आणि हात आपोआप जातात. टाळी आणि खाली हे तर तालाचे हाताने केलेले विश्लेषणच होय. शरीराने ऐकण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. नवे आहे ते अनेक थर एकाच वेळी ऐकणे. आणि तेही सर्वस्वी नवे म्हणता येणार नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, आणि सेबॅस्टियन डिसूझा ह्यांच्यासारख्या वाद्यवृंदरचनाकारांनी गाण्यांच्या मागे व्हायोलिनांचे ताफे उभे केले. मराठी मुलाच्या कानांवरून वाद्यवृंद कित्येक वर्षे जात आहे. तो गाण्याच्या मागे असल्यामुळे त्याकडे लक्ष मात्र गेलेले नाही. मुंबईत २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाल्यापासून प्रत्यक्ष श्रवणाचीही सोय झाली आहे. परिचित चित्रपटगीतातील अंतऱ्यापूर्वीचा वाद्यखंड घेऊन, एका गटाला व्हायोलिने आणि दुसऱ्याला ठेका वाटून देऊन आरंभ करण्यास कोणत्याही शाळेला अडचण पडू नये.

मर्यादाही सांगितली पाहिजे. लय, वाक्यखंड, थर, तीव्रता आणि नादगुण ह्यांचे ज्ञान हालचालीने होते. स्वरमेळाचा ताण आणि त्याची उकल, किंवा एका स्वरभूमीवरून दुसरीवर जाणे, ह्यांचे ज्ञान तिने अंशतःच होते. त्यासाठी गाणे आणि वाद्य हाती घेणे ह्यांना पर्याय नाही.

८

शेवटी मूल्यमापनाचा प्रश्न राहतो. नृत्याच्या द्वारे श्रवण शिकविले असे म्हणताना श्रवण झाले की नाही हे ठरवावे कशावरून? नृत्य किती सुबक झाले, ह्यावरून ते ठरत नाही. डालक्रोझ ह्यांचे अंतिम उद्दिष्ट आंतरिक श्रवण हे होते, आणि कसोटीही त्यातूनच मिळते. तीन-चार आठवडे ज्या रचनेवर मुले नाचली, ती त्यांना बसवून, हातपाय न हलविता, एकदा ऐकवावी आणि ऐकून झाल्यावर विचारावे : धून किती वेळा आली? तिसऱ्या वेळी काय बदलले? खाली काय चालू होते? उत्तर त्यांच्या स्वतःच्या शब्दांत आले तरी चालेल. ‘तो जाड आवाज’ हे बसूनचे वर्णन प्रारंभी पुरेसे आहे. ही उत्तरे देता आली, तर सीमा आणि थर मुलाच्या कानात उतरले असे समजावे. मग बसून हे नाव त्याला सांगण्याची वेळ आली. ती देता आली नाहीत, तर नृत्य झाले, व्यायाम झाला, आनंदही झाला असेल. श्रवणाचा पाठ मात्र पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागेल.